नामदारांच्या घरची दाण्याची आमटी

नामदार याव अम्पाडू राजधानीत, आक्र्याच्या कौन्सिलात कितीतरी वर्षं बसले आणि एकदाच बोलले. एरवी ते मान डोलावत. साहेब लोकांना ती मान फार आवडे.

बोलले ते कोकोवर. फांद्या फुगवून झाड मारणारा रोग पसरला होता. सरकार म्हणे, लागलेलं प्रत्येक झाड तोडा. शेतकरी म्हणत, अजून शेंगा लगडल्यात, तोडायचं कसं? नामदार स्वतः कोकोवाले, म्हणून सरकारने त्यांनाच पुढे केलं. ते उठले, खांद्यावरचं वस्त्र सारखं केलं आणि म्हणाले, "झाड म्हणजे काही पोटचं पोर नव्हे, गळा काढून रडायला!"

कौन्सिल हसलं, कायदा झाला, वाक्य पेपरात आलं. गावात ते सगळ्यांना तोंडपाठ होतं. हसत मात्र कुणी नसे.

आक्र्याच्या मेजवान्यांत नामदार फुफू, म्हणजे उकडून कांडलेल्या कंदाचा गोळा, आणि दाण्याची आमटी मागून मागून खात. घरी ती होत नसे. त्यांची बायको डान्सोवा, हाताला चव असलेली बाई, सगळं रांधी, पण दाण्याला हात लावत नसे. "अहो, वास सोसत नाही मला," एवढंच म्हणे. "देशाचे कायदे आम्ही करतो, चुलीचे ती करते," असं नामदार मित्रांना सांगत.

मग रोग नामदारांच्याच बागेत आला. माणूस कायद्याचा पक्का. गावासमोर त्यांनी पहिल्या झाडावर स्वतःच्या हाताने रंगाची खूण केली आणि तोडणाऱ्या टोळीला पाणी पाजलं. शेजारचे नाना ओडुरो मुद्दाम बघायला आले होते. त्यांची बाग आधीच आडवी झाली होती, त्यामुळे वेळ भरपूर होता.

दुपारी मुकादम कसनुसा होऊन आला. "साहेब, बाईसाहेब एका झाडापाशी बसल्यात. उठत नाहीत."

बांधाजवळच्या झाडाला पाठ टेकून डान्सोवा बसली होती. खोडावरची खूण तिच्या डोक्याच्या वर दिसत होती.

"ऊठ गं. लोक बघतायत."

"बाकी सगळी तोडा. हे एवढं ठेवा."

"असं कसं? खूण झालीय."

तिने आवाज खाली आणला. "आपली बुधवारची आहे इथे."

नामदारांना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

बुधवारी जन्मलेली, सोमवारी गेलेली. आठव्या दिवशी बाप नाव ठेवतो. त्याआधी गेलं ते माणूसच नव्हे, वाट चुकून आलेलं भूत. त्याच्यासाठी रडायचं नसतं. आनंदाचं पांढरं नेसायचं, हसायचं, दाण्याची आमटी खायची, म्हणजे भूत पुन्हा पोटी येत नाही. दोघं हसली होती, जेवली होती. आमटी चांगली झाली होती. नामदारांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली होती.

"तिला तर मडक्यात घालून उकिरड्यावर..."

"मी उकरून आणलं मडकं. इथे पुरलं. वर रोप लावलं." ती खोडाला हात लावत म्हणाली. "मला कुठे तरी यायला नको?"

नामदार मुकादमाकडे वळले. "समजा, एक झाड राहिलं तर..."

"एक राहिलं की रोग राहिला, साहेब." मुकादम जमिनीकडे बघत म्हणाला. "तुमच्याच कायद्यात आहे."

मागून नाना ओडुरोंनी खणखणीत आवाजात सुरू केलं, "झाड म्हणजे काही पोटचं पोर नव्हे, गळा काढून रडायला! काय, डान्सोवाबाई, ऐकलं नव्हतंस? तुझ्याच मालकांचं भाषण. पेपरात आलं होतं की!"

डान्सोवाला वाचता येत नव्हतं, आणि तिच्या तोंडावर ते म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणालात असं?"

इतक्या वर्षांची सवय. नामदारांनी मान डोलावली.

ती उठली. वस्त्राची माती झटकली. "तोडा," मुकादमाला म्हणाली, आणि मागे न बघता घराकडे चालू लागली.

झाड पडेपर्यंत नामदार तिथेच उभे राहिले. त्याच्या शेंगा पिकायला आल्या होत्या.

घरी पोचले तर अंगणातच वास आला. डान्सोवा पांढरंशुभ्र नेसून चुलीपाशी बसली होती. तिने फुफूवर दाण्याची आमटी ओतली, वाडगा त्यांच्यापुढे ठेवला आणि रीतीप्रमाणे हसली.

"बसा. गार होईल."

नामदारांनी हात धुतले, घास मोडला, आमटीत बुडवला. तो तोंडापर्यंत गेला नाही. ते उठले, आत जाऊन पेटी उघडली आणि दुखवट्याचं काळं-तांबडं वस्त्र गुंडाळून अंगणात येऊन बसले.

नाना ओडुरो ताडीचा भोपळा घेऊन येत होते. दुपारचं आपलं बोलणं जरा जास्तच झालं असं त्यांना वाटत असावं. पण जीभ ती जीभ. "काय नामदार, हे कुणासाठी? झाडासाठी की काय?"

"मुलगी गेली माझी."

"तुम्हाला मुलगी कुठली?"

"अकुआ सेर्वा," नामदार म्हणाले. "माझ्या आईचं नाव ठेवलंय तिला."

नाना थबकले. त्यांची नजर डान्सोवाच्या पांढऱ्या वस्त्रावर गेली, वाडग्यावर गेली. भोपळा खाली ठेवून त्यांनी हळूच पायातल्या वहाणा काढल्या.

डान्सोवाच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं. ते थरथरायला लागलं.

"परत म्हणा," ती म्हणाली. "नाव परत म्हणा."