शुक्रवारचे सहा चिंचोके

ज्या आवाजामुळे मला वाक्य अर्धवट सोडावे लागते, तो व्यत्यय. ही व्याख्या मी पहिल्याच दिवशी वहीत लिहिली, कारण व्याख्येशिवाय केलेली मोजणी ही नुसती तक्रार असते. खडूच्या रिकाम्या खोक्यात मधोमध पुठ्ठा उभा करून मी त्याचे दोन भाग केले. दर व्यत्ययाला एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. सोमवारी पस्तीस मिनिटांच्या तासात आठवी 'क'ने चोवीस चिंचोके हलवायला लावले.

हे १९९८ सालचे. कर्वेनगरच्या आमच्या बी.एड. कॉलेजाने मला महिनाभराच्या छात्रसेवाकालासाठी धायरीच्या एका शाळेत पाठवले होते. प्रत्येकाने एक कृतिसंशोधन करायचे होते, म्हणजे वर्गातल्या एका अडचणीवर उपाय करून त्याचा परिणाम मोजायचा. मी उपाय निवडला तो असा: आवाज झाला की रागवायचे नाही, वाक्य तोडून शांत उभे राहायचे आणि आवाज थांबला की तेच वाक्य पुन्हा सुरू करायचे. पहिला आठवडा फक्त मोजणी, दुसऱ्या सोमवारपासून उपाय. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केल्यामुळे आधी मोजावे, मग एकच गोष्ट बदलून पुन्हा मोजावे, एवढे मला येत होते.

मला गुणांपेक्षा एका प्रश्नाचे उत्तर हवे होते. नवव्या वर्षी गालगुंडाने माझा डावा कान गेला. एका कानाने ऐकू पुष्कळ येते. आवाज कुठून आला हे मात्र कळत नाही, त्याला दोन कान लागतात. ही गोष्ट घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. मी शिक्षिका होणार म्हटल्यावर मार्केट यार्डात फळांचा गाळा असलेले माझे अब्बा एवढेच म्हणाले होते, "वर्गात साठ तोंडं असतात, बेटा. कोण बोललं ते तुला कळायचं कसं?"

"मोजून बघते," मी म्हणाले होते.

गुरुवारी मी मच्छिंद्र पोकळेला उभे केले.

"मी न्हाय बोललो, बाई. त्यो तिकडं हाय," त्याने वर्गाच्या दुसऱ्या टोकाला बोट दाखवले, आणि सगळा वर्ग हसला. तेविसावा चिंचोका.

शाळेतल्या माझ्या मार्गदर्शक श्यामला दांडेकर मागच्या बाकावर बसून हे पाहत होत्या. बावीस वर्षे त्या विज्ञान शिकवत होत्या. मधल्या सुट्टीत त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावले.

"बागवान, एक विचारते. चारही दिवस तुमची मान चुकीच्या बाकाकडे वळते. अंदाजाने वळवली तरी माणूस एखाद्या वेळी बरोबर येतो."

मला हसू आले, आणि हसता हसता मी त्यांना कानाचे सांगून टाकले. घराबाहेर प्रथमच.

"कुणाला सांगू नका, बाई. कॉलेजला नाही, आणि वर्गाला तर नाहीच."

"मी कशाला सांगू? मी शिक्षिका आहे, आकाशवाणी नाही. चहा घे, बिलकिस."

'अहो बागवान'वरून त्या 'बिलकिस'वर आल्या, याचे मला त्या दिवशी फार बरे वाटले.

शुक्रवारी सहा. आदल्या तासाला चाचणीचे गुण कळल्यामुळे वर्ग दबला असावा, असे मी धरले. धरायला नको होते. सोमवारी उपाय सुरू केला: पाच. मग चार, पाच, तीन, चार. पहिल्या आठवड्याची सरासरी वीस, दुसऱ्याची चार पूर्णांक दोन. शिवाय डाव्या रांगांतली मुले आता हात वर करून मी पाहीपर्यंत थांबत. काही तर टेबलापाशी येऊन उत्तर देत. मी वहीत लिहिले, 'शिस्तीची सवय लागत आहे.'

अब्बांना आकडे सांगितले. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या प्रतीची सीताफळे घेऊन आले. तो माल ते एरवी घरी आणत नसत.

चौथ्या आठवड्यात अहवालासाठी आलेख काढायला बसले. सरासरीत जे लपले होते ते आलेखकागदावर लपेना. चार उंच स्तंभ, आणि पाचवा, शुक्रवारचा, एकदम ठेंगणा. उपाय सोमवारी सुरू झाला होता. परिणाम कारणाच्या आधी होत नाही. म्हणजे कारण दुसरे होते, आणि ते गुरुवार दुपार ते शुक्रवार सकाळ यांच्या दरम्यान घडले होते.

डावीकडच्या पहिल्या बाकावरच्या शकूला मी थांबवून घेतले.

"शकू, हल्ली तू जागेवरून उत्तर का देत नाहीस?"

"दांडेकरबाईंनी सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

तिने माझ्या डाव्या खांद्याकडे पाहिले, मला वळसा घालून उजवीकडे आली आणि म्हणाली, "त्या अंगानं बोलायचं न्हाय म्हणून. तिकडनं तुम्हाला ऐकू येत न्हाय. आन तुम्ही घरी जाऊन लई रडता, म्हणाल्या."

"मी रडत नाही."

"न्हाय का?" तिची थोडी निराशा झालेली दिसली.

दांडेकरबाई प्रयोगशाळेत वह्या तपासत होत्या.

"तुम्ही वर्गाला सांगितलंत."

"हो." पेन थांबले नाही.

"सांगणार नाही म्हणाला होतात."

"तेवीस-चोवीस वेळा अडवत होते तुला. आणखी आठवडाभरात तू कोलमडली असतीस. मुलं वाईट नसतात गं, त्यांना एक कारण द्यावं लागतं. मी दिलं."

"आणि रडण्याचं?"

"नुसता कान पुरला नसता."

"माझा प्रयोग फुकट गेला, बाई."

"प्रयोग कॉलेजसाठी असतो. वर्ग शांत आहे, आकडे छान आहेत. आण अहवाल, सही करते." त्यांनी हात पुढे केला.

त्या दुष्ट नव्हत्या, ही नोंद मला केली पाहिजे. तीन आठवडे मी साठ मुलांसमोर उभी होते. त्यांना माझ्याविषयी सर्व ठाऊक होते, आणि त्यांना ठाऊक आहे हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक नव्हते. मागच्या बाकावर बसून दांडेकरबाई रोज ते पाहत होत्या आणि तास संपल्यावर "जमलं की गं तुला" म्हणत होत्या. अहवाल मी त्यांच्या हातात दिला नाही.

शेवटच्या दिवशी मी वर्गाला म्हणाले, "मला आज एक मोजणी करायची आहे. पहिल्या आठवड्यात वागत होतात, अगदी तसेच वागा. मी रागावणार नाही."

"दांडेकरबाई वरडतील की," मच्छिंद्र म्हणाला.

"त्या आज येणार नाहीत."

पाहिले की अंदाज बांधला जातो, म्हणून मी डोळे मिटले आणि परावर्तनाचे नियम सांगू लागले. थोडा वेळ नुसते पाय घासल्याचे आवाज आले. मग गलका सुरू झाला. मी वाक्य तोडत होते, चाचपून चिंचोके हलवत होते. चार, सात, अकरा. आवाज चांगला स्पष्ट होता, पहिल्या आठवड्यातल्यापेक्षाही स्पष्ट. त्या स्पष्टपणाचीच मला शंका आली. मी डोळे उघडले.

डावीकडची सगळी बाके रिकामी होती. साठही मुले उजवीकडे येऊन दाटीवाटीने बसली होती, काही भिंतीला टेकून उभी होती, आणि तिथून मनापासून गोंगाट करत होती.

"येतंय का बाई नीट ऐकू?" मच्छिंद्रने विचारले.

अकरा चिंचोके मी परत डाव्या भागात टाकले. मोजणी बाद. त्या संध्याकाळी अहवालात निष्कर्षाच्या जागी 'उपायाचा परिणाम सिद्ध होत नाही' असे लिहिले. कारण लिहिणे भाग होते, म्हणून माझा डावा कान लिहिला, गुरुवारची मधली सुट्टी लिहिली, आणि मार्गदर्शकाच्या सहीची जागा कोरी ठेवून अहवाल कॉलेजात दिला.