कँडीहून एल्लाला

निकिताला अंधार पडला की दिसत नाही, हे ती लहान असल्यापासून घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या आईने, विमलताईंनी, तिला गाजरं खाऊ घातली, शेवग्याचा पाला खाऊ घातला आणि दिवेलागणीनंतर तिचा हात धरायची सवय लावून घेतली. राळेगाव तालुक्यातल्या त्या गावात याहून जास्त कोणी सुचवलं नव्हतं. पोरगी हुशार निघाली. यवतमाळला राहून इतिहासात एम.ए. झाली. मग एकदा भर दुपारी, अंगणात, बाजूला उभ्या असलेल्या बैलावर ती जाऊन आदळली, तेव्हा तिचे बाबा, घनश्यामराव, तिला आणि विमलताईंना घेऊन नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर आडपडदा न ठेवता बोलले. नजर कडेकडून मिटत चालली आहे. मधलं तेवढं काही काळ टिकेल. किती, ते सांगता येत नाही, आणि यावर औषध नाही.

"मग मी काय करू?" निकिताने विचारलं.

डॉक्टरांनी उगाच टेबलावरचे कागद सारखे केले. "जे पाहायचं असेल ते पाहून घे, बाळ. उशीर करू नकोस."

परतताना तिघं एसटीत बसले. वडकीला गाडी थांबली तेव्हा घनश्यामराव चहा घेऊन आले आणि एकदम म्हणाले, "सांग, काय पाह्यचं तुले? ताजमहाल? काश्मीर?"

"श्रीलंका," निकिता म्हणाली. जणू कधीचंच ठरवून ठेवलं होतं.

"परदेशात?"

"आठ दिवसांत होते, बाबा. तिथं गॉलचा किल्ला हाये, डच लोकायचा. कँडीचा राजवाडा हाये. आन कँडीहून एल्लाले एक रेल्वे जाते, चहाच्या मळ्यांतून, पार डोंगरातून. मले पायी हिंडणं नाई जमत आता, ठेचा लागते. पण गाडीच्या खिडकीत बसलं का डोंगर सोताहून समोर येते."

घनश्यामरावांच्या हातातला चहा निवला. "जाऊ," ते म्हणाले.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही. जेवणं झाली की निकिता फोन अगदी नाकाजवळ धरायची आणि आईला एकेक गाव दाखवायची. कँडीच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी धरून वेल्लोरला आणलं, हे ऐकून विमलताईंना त्याची कीव आली.

"मंग परत गेला का नाई तो?"

"नाई. इकडंच मेला."

"त्याले आपले डोंगर आठवत असन वं."

विमलताई शेगावच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. पण भाकरी थापता थापता त्यांना स्टेशनं पाठ झाली. गंपोला, हॅटन, नानू ओया, हापुतळे, बंडारवेला, एल्ला. नानू ओयापर्यंत उजव्या बाजूला बसायचं, तिथून पुढे डावीकडे, हेही त्यांना पाठ होतं. सोबत तिळाची चटणी न्यायची, लोणचं नको, तेल सांडतं. गाडीत साडी नेसायची की निकिता म्हणते तसा पंजाबी ड्रेस घालायचा, यावर मायलेकींचं दोन दिवस चाललं. अशा वेळी विमलताईंना कधी कधी वाटायचं, डॉक्टर चुकले असतील.

पासपोर्टात विमलताईंचं नाव अडलं. एका कागदावर विमल, दुसऱ्यावर विमलाबाई. ते सरळ होईतो सोयाबीन सोंगायला आलं, आणि पाठोपाठ कापूस फुटला. मजूर मिळेना.

"वेचा आटोपला का निघू," घनश्यामराव म्हणाले. "डोंगर कुठं पळून राह्यले?"

विमलताईंच्या तोंडावर आलं होतं, की कापूस राहू द्या बोंडात. पण त्यांनीही वर्षभराच्या राबण्याचा विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच ओटी बांधून वेचायला उभ्या राहिल्या.

पासपोर्ट आले तोवर थंडी सरत आली होती. ताटातली वाटी निकिता आता हाताने चाचपून शोधू लागली होती. विमलताई न बोलता वाटी तिच्या बोटांशी सरकवत. एका संध्याकाळी निकिताने फोन आईपुढे धरला.

"हा पाह्य, एल्लाजवळचा पूल. नऊ कमानी हायेत. एल्लाहून एक स्टेशन पुढं गेलो का आपली गाडी याच्यावरून जाईन."

फोनवर पूल नव्हता. बोट लागून कधीच दुसरं चित्र आलं होतं, एक बाई कपडे वाळत घालत होती.

"लय सुंदर हाये वं," विमलताई म्हणाल्या.

तेवढ्यात ती फोनमधली बाई साबणाचं नाव घेऊन गायला लागली. निकिताने फोन खाली ठेवला.

"बाबाले सांग, तिकिटं नको काढू म्हणा."

"असं काहून म्हणतं? मी हावो ना सोबत. जे जे दिसन ते सांगत जाईन तुले."

"सांगशीन?"

"हाव. सारं सांगीन."

"मंग परवा एसटीत सांगजो."

परवा दोघींना दिव्यांगाच्या दाखल्यासाठी यवतमाळला जायचं होतं. बस निघाली तशी विमलताईंनी सुरुवात केली. "कापसाची पऱ्हाटी उपटून राह्यले वं लोक. ते तुरीचे ढीग लागले. तो एक बगळा बसला बांधावर." कळंबपर्यंत असं चाललं. मग शब्द संपायला लागले. पुढे रस्त्याला टेकड्या लागल्या.

"आता डोंगर हाये," त्या म्हणाल्या.

"कसा?"

विमलताईंनी डोळे ताणून पाहिलं. जन्मभर पाहिलेला डोंगर. "डोंगरावाणी," त्या म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. घाईघाईने त्या म्हणाल्या, "पळस फुलला. लालेलाल झाला सारा."

"लाल कसा?"

"कुंकवावाणी. नाई, कुंकवाहून पिवळा. इस्तवावाणी म्हण."

"मले ठाऊक हाये पळस," निकिता हळू आवाजात म्हणाली. "पाह्यला हाये ना मी. तू नुसता पळस म्हणली का दिसते मले. पण एल्ला मी पाह्यलंच नाई, आई. तू तिथं डोंगर म्हणशीन तं मले हाच डोंगर दिसन. तू झाड म्हणशीन तं पळस दिसन. मंग इतक्या दूर कायले जायचं?"

काहीतरी बोलायला हवं, आत्ता बोललं नाही तर ही पोर हातची गेली, असं विमलताईंना वाटत होतं. पण त्यांनी नुसता तिचा हात घट्ट धरला. निकिताने तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

दवाखान्यात तपासणी झाली. संध्याकाळच्या गाडीने दोघी परतल्या.

स्टँडवर घनश्यामराव मोटारसायकल घेऊन आले होते. त्यांचा चेहरा फुलला होता. तूर विकली गेली होती. "चेन्नईचं रिझर्वेशन भेटून राह्यलं, तिथून श्रीलंकेचं विमान हाये," ते म्हणाले. "काढू का तिघायचं?"

"नको, बाबा."

"अवं, खिडकीकडचं भेटते."

"नको."

त्यांनी विमलताईंकडे पाहिलं. विमलताईंनीही नाही म्हणून मान हलवली. घनश्यामराव गाडीचं हँडल धरून उभेच राहिले. मग निकिताला मागे बसवताना त्यांनी तिचा पाय स्वतःच्या हाताने उचलून पायटीवर ठेवला, लहान लेकराचा ठेवावा तसा.

उन्हाळा लागला तोवर निकिताला खिडकी कुठे आहे एवढंच कळत होतं. यवतमाळहून काठी घेऊन चालायला शिकवणाऱ्या एक बाई दोनदा येऊन गेल्या. दोन्ही वेळा ती खाटेवरून उठली नाही.

एके दिवशी जेवताना घनश्यामराव पानावर बसूनच राहिले. घास हातात तसाच होता.

"माह्या कापसापायी झालं हे," ते म्हणाले. "माह्यावर राग हाये का तुह्या मनात?"

विमलताईंना नाही म्हणायचं होतं. कापूस त्यांनीही वेचला होता. नाही म्हटलं असतं तर नवऱ्याने तो घास खाल्ला असता, हेही त्यांना दिसत होतं. पण आतल्या खोलीत निकिता जागी होती आणि तिला सगळं ऐकू जात होतं. ती ऐकत असताना त्यांना खोटं बोलवेना.

"भाजी वाढू का?" त्यांनी विचारलं.

घनश्यामरावांनी ताट सारलं आणि ते हात धुवायला उठले.