चोवीस पट्टे, एक दोरा

एकतीस वर्षं मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून फाटकी पुस्तकं शिवली. यात सांगण्यासारखं काय आहे, असं लिहितानाही वाटतंय. पण त्याशिवाय पुढची फजिती कळायची नाही, म्हणून सांगतो.

माझी थोरली बहीण, ताई, दर बुधवारी दवाखान्याच्या माडीवर दहा बायकांना जमवून शिवणकाम करते. उशांचे अभ्रे, रुमाल, ॲप्रन, गरम भांडी धरायची फडकी. वर्षातून एका रविवारी खालच्या मोठ्या खोलीत या सगळ्याची विक्री होते. त्यातून व्यायामाच्या खोलीला काहीबाही सामान मिळतं. हाडं मोडलेली माणसं तिथे पुन्हा चालायला शिकतात. माझं काम ताईचं मशीन जिन्यावरून वर नेण्याचं. मग कोपऱ्यात पुस्तक उघडून बसायचं. मी तिथे आहे हे विसरून बायका मोकळेपणी बोलायच्या आणि मी एकच पान तासभर वाचायचो.

खाली वॉकर घेऊन चालणारी माणसं येता-जाता दिसायची. दोन्ही हात दांडीवर, त्यामुळे चष्मा दातांत धरलेला, पाण्याची बाटली काखेत. यंदा मी कुणाला न सांगता घरी बारा पिशव्या शिवल्या. दोन कप्पे, दोन पट्टे, वॉकरच्या दांडीला अडकवायच्या. पडद्याचं जाड कापड, मेण लावलेला दोरा, सगळं हातानं. त्या विक्रीच्या टेबलावर मांडल्या जाव्यात, एवढीच इच्छा होती. ताईचा भाऊ म्हणून नव्हे, पिशव्या चांगल्या आहेत म्हणून. या वयात असली हौस जरा हास्यास्पदच.

टेबलावर काय जायचं ते उसवाबाई ठरवतात. कपड्यांच्या कारखान्यात त्या तपासणीला होत्या. वस्तू हातात घेतात, उलटी करतात, शिवण ताणतात आणि बहुतेक वेळा एकच शब्द बोलतात, ‘उसवा’. त्यावरूनच ते नाव पडलं. नाव त्यांना ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही, असं ताईचं म्हणणं.

विक्रीच्या आधीच्या बुधवारी मी वर्तमानपत्राचं पुडकं सोडलं. पहिली पिशवी उचलली तशी तिच्यामागून दुसरी आली, दुसरीमागून तिसरी. बाराही एकाच दोऱ्यानं जोडलेल्या. भाऊंनी आगगाडी आणली, असं कुणीतरी म्हणालं. दोरा कापला की सुट्ट्या होतील, असं मी घाईघाईनं सांगितलं.

उसवाबाईंनी एक पिशवी डोळ्यांजवळ नेली. टाके छापल्यासारखे आहेत म्हणाल्या. माझे कान गरम झाले. मग त्यांनी मधला दोरा कात्रीनं कापला, पिशवीत भरलेली बाटली टाकली आणि पट्टा धरून उचलली. पट्टा त्यांच्या हातात राहिला. पिशवी खाली, बाटलीचं झाकण भलतीकडे, आणि पाणी इस्त्री केलेल्या रुमालांवर.

पुस्तक शिवताना एक फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा एक जुडगा, संपला म्हणून दोरा तोडत नाहीत. तोच दोरा पुढच्या फर्म्यात जातो, तिथून त्याच्या पुढच्या. गाठ सुरुवातीला एक आणि अगदी शेवटी एक. पट्टे लावताना माझ्या हातांनी तेच केलं. पुस्तक कुणी मधून कापत नाही, हे डोक्यातच आलं नाही.

गाठी कुठे आहेत, असं उसवाबाईंनी शांतपणे विचारलं.

‘एक पहिल्या पिशवीला,’ मी म्हणालो, ‘आणि एक बारावीला.’

खोली अशी हसली, की काय झालं ते बघायला खालची नर्स वर आली. मीही हसलो, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं.

‘उसवा,’ उसवाबाई म्हणाल्या.

ताईनं मला बाजूला घेतलं. मशीनवर अर्ध्या तासाचं काम आहे, पट्टे ती मारून देईल, कुणाला कळणारही नाही. शाळेत माझी गणितंही ती अशीच सोडवून द्यायची, आणि मी देऊ द्यायचो.

‘नको ताई,’ मी म्हणालो. ‘माझं मी करतो.’

खुर्चीनं उत्तर दिल्यासारखी ती माझ्याकडे बघत राहिली.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी खिडकीपाशी बसलो. चोवीस पट्ट्यांची अठ्ठेचाळीस टोकं. प्रत्येक टोकाला शिवणीचा चौकोन, चौकोनात फुली, आतून गाठ, आणि गाठीवर विश्वास नाही म्हणून आणखी एक गाठ. जुनी भोकं त्या चौकोनाखाली झाकली गेली. अंगठ्याला पट्टी बांधावी लागली. प्रत्येक पिशवी मी दाराच्या कडीला अडकवून तिच्यात शब्दकोशाचा जाडा खंड ठेवला. बाराही पिशव्यांनी तो पेलला. तरी पिशव्या नेऊच नयेत असं दोनदा मनात आलं.

रविवारी सकाळी विक्री सुरू होण्याआधी उसवाबाईंनी पिशवीत एक बाटली टाकली. मग दुसरी. मग इकडेतिकडे बघून इस्त्री उचलून टाकली, आणि पट्टे धरून पिशवी खालीवर हिसडली. एकेक करत बाराही. शेवटी त्यांनी स्वतःचे ॲप्रन मागे सरकवले आणि पिशव्या टेबलावर पुढच्या ओळीत मांडल्या.

‘तिसरीचा उजवा पट्टा केसभर तिरका आहे,’ त्या म्हणाल्या.

‘माहीत आहे मला.’

त्या हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पहिली पिशवी नेली ती वॉकर घेऊन आलेल्या एका वयस्क बाईंनी. चष्मा, पाकीट, बाटली, शिवाय इथेच घेतलेले दोन ॲप्रन, सगळं तिच्यात कोंबलं आणि त्या दाराकडे निघाल्या. चांगलंच वजन झालं होतं. मला राहवेना. चार पावलं अंतर ठेवून, पट्ट्यावर नजर लावून मी मागे मागे गेलो. त्या एकदम थांबल्या आणि मान वळवून काय हवंय म्हणून विचारलं.

‘काही नाही. ती पिशवी मी शिवलीय.’

‘मग? परत हवीय का?’

‘नाही, नाही. पट्टा टिकतोय का, ते बघत होतो.’

त्यांनी एक हात सोडून पिशवीला दोन जोराचे हिसडे दिले. पट्टा जागचा हलला नाही.

‘टिकतोय. आता मागे फिरण्यापेक्षा पुढे होऊन दार उघडा. तेवढा तरी उपयोग होऊ दे.’

मी पुढे झालो आणि दार सताड उघडून धरलं. दांडीवर हेलकावे घेत ती पिशवी माझ्या पुढ्यातून रस्त्यावर गेली.