फुंकर मारायचं मशीन

बीटी कपाशी आल्यापासून बुलढाण्याच्या रस्त्यावरच्या त्या जिनिंगमध्ये रेचे, म्हणजे कापसातली सरकी काढायची यंत्रं, दिवसरात्र फिरत. रेच्यात कापूस टाकायला राबिया नि अंबूबाई नऊ हंगाम शेजारीशेजारी उभ्या राहिल्या होत्या. धूळ इतकी, की तोंडाला दुहेरी फडकं बांधूनही थुंकीत कापूस यायचा. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी तर अंबूबाईची छाती आवळूनच यायची. धूळ बाहेर ओढणारे भिंतीतले मोठे पंखे कधीचे बंद होते.

त्या वर्षी शेठजींनी ‘निरोगी कामगार’ योजना काढली. सकाळी आवारात प्राणायाम, मग तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंच्या दम मोजायच्या मशीनमध्ये फुंकर. राबियाचा आकडा चांगला आला. अंबूबाईनं तीनदा फुंकलं, तिन्हीदा खोकून वाकली.

आठवड्यानं मॅनेजर माणिकरावांनी अकरा बायांना बोलावलं. “तुमची छाती कमजोर निघाली. तुमच्या भल्यासाठीच सांगतो, आता घरी बसा.”

“धुळीनं छाती नेली,” अंबूबाई म्हणाली, “अन् आता तुम्ही कामबी नेऊन राह्यले.”

ती बाहेर आल्यावर तिच्या हातातला तपासणीचा कागद राबियानं घेतला. सातवीपर्यंत शिकली होती ती. डॉक्टरीणबाईंनी दोन ओळी लिहिल्या होत्या: धुळीत काम देऊ नये. हॉलमधले पंखे ताबडतोब चालू करावेत. माणिकरावांनी पहिलीच ओळ वाचली होती. राबियाच्या अंगाचा तिळपापड झाला.

योजनेच्या समारोपाला शेठजी आले. सगळ्यात निरोगी कामगार म्हणून त्यांनी राबियाला स्टीलचा डबा दिला, माइक पुढे केला. तिनं डबा खुर्चीवर ठेवला आणि तो कागद वाचला. दोन्ही ओळी.

शेठजी हसतच म्हणाले, “बाई, आज आनंदाचा दिवस आहे. हे नंतर बोलू.”

“नंतर कवा, सायेब? माहा आकडा पडल्यावर?”

त्या दुपारी एकही बाई रेच्यापाशी गेली नाही. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली. तिसऱ्या दिवशी मिस्त्री आला. पंख्यांचा एक पट्टा तेवढा तुटला होता. तासाभरात ते फिरायला लागले. काढलेल्या बायांना आवारात, उघड्यावरचं काम मिळालं. अंबूबाई मात्र आली नाही. फाटकापर्यंत चालण्याइतकाही दम तिच्यात उरला नव्हता.

पुढच्या आठवड्यात पेपरात शेठजींचा फोटो आला, मागे पंखे, वर ‘कामगारांच्या आरोग्यासाठी पुढाकार’. माणिकरावांनी तो फळ्यावर लावला. राबियानं तो सगळ्यांदेखत काढला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला.

“अंबूबाईच्या दवाखान्याच्या खर्चाचं कोण पाहील ते लिहून द्या. मंग लावा.”

माणिकरावांनी हजेरीची वही पुढे ओढली. राबिया तिथून हलली नाही, आणि तिच्यामागे एकेक बाई येऊन उभी राहू लागली.