शिंकेची दाद

बायकोने गुलाबांच्या फुलदाणीचं चित्र रंगवलं आणि आमच्या घरात 'छान' या शब्दावर बंदी आली. मी 'छान' म्हणालो होतो. शेजारीणही तेच म्हणाली. दूधवाला तर न विचारता 'छान' म्हणून गेला, तेव्हा तिचं डोकंच फिरलं.

"छान तर पायपुसणंही असतं," ती म्हणाली. "आज माझा भाऊ येतोय. त्यानेही तेच म्हटलं, तर रंग नि ब्रश उद्या भंगारात."

रंगवताना ती गुणगुणते, आणि ती गुणगुणली की मला घरात बरं वाटतं. पण चित्रातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही.

मेव्हणा आला. सोफ्यामागच्या भिंतीवर टांगलेल्या चित्राजवळ वाकला आणि धडाधड शिंकू लागला. फुलांचं आणि त्याचं लहानपणापासून वाकडं.

"ताई, ती फुलं आधी बाहेर ठेव."

"घरात एक फूल नाही. चित्रासाठी आणलेली कालच यांनी टाकली."

मेव्हणा चित्राकडे बघत राहिला. "म्हणजे मी या रंगवलेल्या..." म्हणेपर्यंत पुढची शिंक आली. बायकोचा चेहरा असा खुलला की मला भरून आलं.

घोळ एवढाच, की फुलं मी टाकलीच नव्हती. टीव्हीवर मॅच रंगात आली होती, म्हणून सोफ्यामागे सरकवली होती. तेवढ्यात मेव्हण्याचा रुमाल नेमका तिथेच पडला आणि बायको वाकली.

"थांब, मी देतो," म्हणत मी आधी झेप घेतली. अख्खा गुच्छ शर्टात कोंबला, बटणं लावली आणि उभा राहिलो. काटे लगेच कामाला लागले.

"अहो, डोळ्यांत पाणी?"

"चित्र बघून," मी म्हणालो. मग बघणं भागच होतं. पहिल्यांदाच नीट बघितलं. देठावर, पानाआड, बरगडीत आत्ता रुतत होता तस्साच एक काटा होता.

"काटे," मी दात आवळून म्हणालो. "काटे अगदी खरे आलेत. खाली वाकलेले, टोकाला लालसर."

"सगळ्यात जास्त जीव त्या काट्यांतच ओतलाय मी. कुणाचं लक्षच गेलं नव्हतं हो."

"माझं गेलं."

"मग पुढचं चित्र निवडुंगाचं," ती म्हणाली आणि भावासमोरच तिने मला घट्ट मिठी मारली. मेव्हणा शिंकत होता. मी हूं की चूं केलं नाही.