कापणारे हात

मास्तरांकडे शिवलेला कोट दहा वर्षं अंगावर नीट बसतो, असं गिऱ्हाइकं एकमेकांना सांगायची. खरं तर गेली दोन वर्षं मास्तरांनी एकाही कोटाचं कापड कापलं नव्हतं. त्यांचे हात कापायला लागले होते. आधी बशीत कप वाजायचा, मग कात्री रेषेवरून घसरू लागली. एका वकिलाच्या कोटाची बाही वाया गेली, तेव्हा बायकोने कात्री त्यांच्या हातातून काढून घेतली.

लग्न झाल्यापासून ती मागच्या खोलीत काज-बटणं आणि अस्तर करत होती. बघून बघूनच कटिंग शिकली. आता मास्तर पुढे माप घ्यायचे आणि ती पडद्याआड खडूने आखून कापायची. ‘मास्तर, हाताला काय सफाई आहे तुमच्या,’ असं कुणी म्हटलं की ते गळ्यातली टेप उगाच सारखी करायचे.

एके दुपारी शिवणकाम शिकवणाऱ्या संस्थेच्या बाई आल्या.

‘आमच्या मुलींना कटिंग शिकवाल का? महिन्यातून चार दिवस. असा हात आता कुणाचा राहिला नाही.’

वेळ नाही म्हणून सांगता आलं असतं. मास्तरांनी दोन्ही हात टेबलावर पसरले.

‘बाई, हे हात बघा. कापड कापत नाहीत, नुसतेच कापतात.’

बाई हसल्या, मग त्यांची नजर हातांवरून टांगलेल्या कोटांकडे गेली. ‘मग हे कोट?’

मास्तरांनी पडदा सारला. बायको ओठांत टाचण्या धरून उभी होती. ‘हे सगळे हिने कापलेत,’ मास्तर म्हणाले.

बाई गेल्यावर तिने एकेक टाचणी टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचली.

‘मला विचारलंत?’

‘तुझंच तर नाव पुढे केलं.’

‘खोटं आपण दोघं मिळून बोललो. खरं मात्र तुम्ही एकट्यानेच बोलून मोकळे झालात.’

मास्तर गळ्यातली टेप सारखी करत राहिले.

बातमी पसरलीच. वकिलाने ‘नंतर बघू’ म्हणत कापड परत नेलं, तो पुन्हा फिरकला नाही. जुने गिऱ्हाईक असलेले डॉक्टर मात्र आले. ‘कापतं कोण, याच्याशी मला काय करायचंय? खांदा बसला पाहिजे.’

ती टेप घेऊन बाहेर आली. मास्तर वही घेऊन बाजूला बसले.

‘डॉक्टर, तुमचा डावा खांदा उतरलेला आहे,’ ती म्हणाली. ‘यांनी कधी सांगितलं नाही?’

‘नाही,’ डॉक्टर म्हणाले.

‘मी गुपचूप पॅड घालायचो,’ मास्तर म्हणाले. ‘तोंडावर कसं सांगायचं?’

‘असंच सांगायचं. लिहा, अर्धा इंच.’

मास्तरांनी लिहिलं. आकडा वेडावाकडा आला, पण वाचता येत होता.

संध्याकाळी तिने संस्थेच्या बाईंना स्वतः फोन केला. ‘येईन, पण दोनच दिवस. आणि पहिल्या महिन्यात मुली खडूच धरतील, कात्री नाही.’

त्या दोन दिवसांत दुकान मास्तर सांभाळतात. कापड ठेवून घेतात आणि सांगतात, ‘परवा या. ती माप घेईल.’