मानाचा बैल

पोळ्याला वेशीतून पहिला बैल कुणाचा जायचा, यावरून शहादेवनं भर गर्दीत राधाकिशनच्या गुडघ्यावर काठी घातली होती. तेव्हापासून राधाकिशन लंगडत होता आणि दोघांची बोलचाल बंद होती. एक ना एक दिवस मान आपलाच, या एका हट्टापायी राधाकिशननं म्हातारपणीही दावणीला बैल ठेवला.

यंदा तो मान फुकटात पदरात पडला. गावभर ट्रॅक्टर झाले होते. शहादेवनंही जोडी विकली होती. तोरणाखालून राधाकिशनचा एकटा हौशा झूल पांघरून निघाला, तेव्हा भांडायचं सोडाच, बघायलाही कुणी नव्हतं. याच्यासाठी पाय मोडून घेतला व्हय? त्याला स्वतःचाच संताप आला.

घरी ओवाळायला बायको राहिली नव्हती. पोरं पुण्याला. या मानाची किंमत जाणणारं गावात एकच माणूस उरलं होतं. लंगडत लंगडत त्यानं बैल थेट शहादेवच्या दारात उभा केला.

"माझ्या घरी कुणी न्हाई ओवाळायला," तो बैलाकडं बघतच बोलला.

शहादेवनं त्याच्या गुडघ्याकडं पाहिलं आणि तो आत गेला. बैल विकले तरी त्या घरात पुरण शिजलं होतं. ताट घेऊन तो बाहेर आला, हौशाला कुंकू लावलं, पोळी भरवली, मानेवरून बराच वेळ हात फिरवला.

राधाकिशननं कासरा ओढला. शहादेव ताट घेऊन आडवा आला. ताटात एक पोळी होती.

"ही बैलाची न्हाई."